साळव्यांची पट्टी

आमच्या कॉलनीतल्या कुठल्याही घरी जा आणि फोटोंचा अल्बम मागा. साखरपुडा असो, बारसं असो, नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, माणसांच्या शेजारी तुम्हाला एक लाकडी पट्टी उभी दिसेल. तीस सेंटीमीटरची, शाळेतल्या पोरांच्या दप्तरात असते तशी. नवरदेवाच्या शेरवानीला टेकलेली पट्टी. पाळण्याच्या दांडीला सुतळीने बांधलेली पट्टी. कॉलनीच्या अध्यक्षांचा सत्कार झाला त्या फोटोत त्यांच्या एका हातात नारळ आहे आणि दुसऱ्या हातात पट्टी, त्यामुळे सत्कारात त्यांना पट्टीच दिली असं बघणाऱ्याला वाटतं. परगावचे पाहुणे अल्बम चाळताना बिचकतात आणि हळूच विचारतात, ही तुमच्या बदनापूरकडची रीत आहे का? आम्ही सांगतो, रीत नाही, साळवे आहेत.

लिंबाजी साळवे माझ्या समोरच्या घरात राहतात. शेतकी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं तुरीच्या प्लॉटवर काढली. साहेब लोक नवे वाण तयार करायचे आणि साळवे त्या वाणांचे फोटो काढायचे. शेंग, पान, मूळ, रोग लागलेलं खोड, ज्याचा फोटो काढायचा त्याच्या शेजारी पट्टी ठेवायची, कारण नुसत्या फोटोवरून शेंग बोटाएवढी आहे की हाताएवढी हे कळत नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते पट्टी ठेवायला विसरले. तो फोटो बैठकीत वर धरून एका साहेबांनी विचारलं, ही तूर आहे का शेवगा? सगळे हसले. साहेब पुढे बदलून गेले, हसणारे रिटायर झाले, पण साळवे काही ते हसू विसरले नाहीत. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे.

"पट्टीबिगर फोटो म्हंजे निस्ती अफवा."

तूर गेली, खातं सुटलं, कॅमेरा आणि पट्टी मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. आता समोर तुरीचं झाड नसल्यामुळे ते माणसांचे फोटो काढतात. शेतकरी मेळाव्यासाठी झाडांचे मोठाले पोस्टर जालन्याच्या लॅबमधून करून आणायचं काम त्यांच्याकडेच असायचं, तेही त्यांनी पुढे चालू ठेवलं आहे. फरक एवढाच की पोस्टरवर आता आम्ही असतो. त्यातही त्यांची अट अशी की फोटो माणसाएवढाच छापला पाहिजे. फोटोतल्या पट्टीवर खरी पट्टी ठेवली तर तीसला तीस जुळली पाहिजे. एकोणतीस नाही आणि एकतीसही नाही.

आता मी स्वतः चित्रकलेचा शिक्षक. एकतीस वर्षं मी पोरांकडून केळी आणि मडकी काढून घेतली. माझ्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी चित्रकार झाला नाही, याचं श्रेय मी त्यांच्या आईवडिलांच्या दूरदृष्टीला देतो. मला स्वतःला आजही पट्टीशिवाय सरळ रेष ओढता येत नाही. तरीपण चौकट म्हणजे काय, मोकळी जागा कुठे सोडायची, हे या तालुक्यात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा अनेक वर्षांचा समज होता. तो समज कसा गेला ते पुढे येईलच.

माझ्या निरोप समारंभाचा फोटो साळव्यांनीच काढला. शाल, फेटा, गळ्यात हार आणि पोटाशी आडवी धरलेली पट्टी. पंधरा दिवसांनी ते वीस बाय तीस इंचाची गुंडाळी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. उलगडून बघितलं तर कमरेपासून वर मी होतो, जसाच्या तसा, हनुवटीखालच्या चामखिळीसकट. साळव्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली, फोटोतल्या पट्टीवर ठेवली आणि समाधानाने मान हलवली. मग तीच पट्टी त्यांनी फोटोतल्या माझ्या पोटावरून फिरवली आणि एकेचाळीस भरलं असं जाहीर केलं. ही निव्वळ रुंदी झाली, गोलाई फोटोत धरता येत नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आमच्या हिने तो फोटो जेवणाच्या टेबलासमोर लावून घेतला आहे. मी चौथी पोळी मागितली की ती काही बोलत नाही. फक्त भिंतीकडे बघते.

जालन्याच्या त्या लॅबमध्ये साळव्यांना सगळे ओळखतात. तिथे दिवसभर लग्नांचे अल्बम छापतात, आणि लग्नाआधी नवरानवरी जिथे-तिथे एकमेकांकडे बघत उभी राहतात ते फोटोही. अशा ठिकाणी हे पहिल्यांदा गेले, तेव्हा कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईंनी आपुलकीने फोटोतली पट्टी पुसून टाकली. लोक फोटोत आलेली वायर, चप्पल, नको असलेला पाहुणा काढा म्हणून गयावया करतात, इथे ताईंनी न मागता सेवा दिली होती. साळव्यांनी फोटो ताईंपुढे परत सरकवला. मग म्हणाले, "ताई, माणूस ठिवला अन् पुरावा पुसला." ताईंनी प्रिंट पुन्हा काढून दिला. तोही त्यांनी काउंटरवर पट्टी ठेवून मोजला आणि दोन मिलीमीटरसाठी परत केला. सॉफ्टवेअर बरोबर शंभर टक्के दाखवतंय, असं ताई काकुळतीला येऊन सांगत होत्या. सॉफ्टवेअर तुमचं आहे, पट्टी माझी आहे, असं यांचं उत्तर.

आपण फोटो द्यायला गेलो की लॅबवाले विचारतात, बारा बाय अठरा करू की वीस बाय तीस? आधी कागद ठरतो आणि माणूस त्यात बसवला जातो. साळव्यांचं उलटं आहे. त्यांचा आधी माणूस ठरतो आणि मग त्याला पुरेल एवढा कागद शोधतात. आता लॅबमध्ये त्यांच्या नावाच्या पाकिटावर लाल शाईने लिहिलेलंच असतं, 'पट्टी काढू नये. साईज जसाच्या तसा.'

मी त्यांना सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहा पाजून तासभर समजावलं की फोटोत बघणाऱ्याचा डोळा कसा फिरतो, चौकट कशी भरावी, मोकळी जागा कशी बोलते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी खिशातून छोटी वही काढली आणि विचारलं, "मोकळी जागा किती सेंटीमीटर ठिवायची?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मापाच्या बाबतीत या माणसाने स्वतःच्या पोराचीही गय केली नाही. अजयचं लग्न जमवताना सगळे सांगत होते की बायोडाटात उंची पाच फूट आठ इंच लिहा, सगळेच दोन इंच वाढवून लिहितात. यांनी लिहिलं, '१६९.५ सेंमी. सकाळी मोजल्यास १७०.' सोबत फोटो, आणि फोटोत पट्टी. दोन स्थळं तिथेच गळाली. तिसऱ्या स्थळाच्या बापाला मात्र तो कागद फार आवडला. जो माणूस अर्धा सेंटीमीटर लपवत नाही तो दुसरं काय लपवणार, असं म्हणून त्याने मुलगी दिली. लग्नात बुद्धवंदना चालू असेपर्यंत साळवे हात जोडून उभे होते. ती संपताच पट्टी घेऊन स्टेजवर चढले.

तो अजय आता नेदरलँडला असतो. त्याची मुलगी मैत्री. ती दहा महिन्यांची असताना हे सगळे एकदा येऊन गेले. तेव्हा ती आमच्या व्हरांड्यात रांगायची आणि साळवे तिच्या बाजूला पट्टी आडवी ठेवायचे, ती पट्टी चघळायची. त्यानंतर कधी रजा नाही, कधी नवं घर, कधी मैत्रीची शाळा. दर दिवाळीला यायचं ठरतं आणि दर दिवाळीला पुढची दिवाळी ठरते.

याच काळात सुमनवहिनींची, म्हणजे साळव्यांच्या पत्नीची, नजर काचबिंदूने गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं अंधुक झालं, आणि गेल्या दीड वर्षापासून काहीच दिसत नाही. त्यांनी त्याचा फार बोभाटा केला नाही. सगळं घर त्यांना हाताने पाठ आहे. चहासुद्धा स्वतः करतात, कपात बोट धरून. रविवारी अजयचा व्हिडिओ कॉल आला की वहिनी मोबाईलच्या आवाजाकडे तोंड करून बसतात आणि मैत्री पलीकडून ओरडत असते, आजी, बघ, आजी, हे बघ.

साळव्यांनी नेदरलँडला एक लाकडी पट्टी कुरिअरने पाठवली. बाबा, इथेही पट्ट्या मिळतात, असं अजय म्हणाला, तर तिथल्या पट्टीचा काय भरोसा, असं यांनी त्याला विचारलं. मग मैत्रीचे पट्टीसह फोटो यायला लागले आणि हे एकेक नापास करायला लागले. एकात तिने पट्टी तलवारीसारखी धरली होती. एकात पट्टी पुढे आणि पोरगी मागे, म्हणजे माप चुकणार. एकात उड्या मारताना बूट जमिनीवर नव्हते. सात फोटो नापास झाल्यावर आठवा आला. पिवळा रेनकोट घातलेली मैत्री निळ्या दरवाजाला पाठ लावून शिस्तीत उभी, आणि तिच्या टाचेच्या रेषेत दरवाजाला टेपने चिकटवलेली पट्टी. चेहऱ्यावर, आता तरी पास करा, असा भाव. साळव्यांनी पास केला. उंची भरली एकशे आठ सेंटीमीटर.

आणि नेमके त्याच आठवड्यात ते न्हाणीघरात घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

त्यांनी मला बोलावून घेतलं. पाय स्टुलावर, मांडीवर वही. फोटो लॅबला मोबाईलवरून पाठवला होता, आता कुणीतरी जाऊन समोर उभं राहून तो काढून घ्यायचा होता आणि जाड फोमच्या बोर्डावर चिकटवून आणायचा होता, उभा राहील असा. मी गंमतीत म्हणून गेलो की साळवे, वहिनींना दिसत नाही, मग एवढा मोठा फोटो कुणासाठी? बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द गेला होता. त्यांना राग आला नाही. स्वयंपाकघराकडे एकदा बघून ते हळू आवाजात बोलायला लागले.

"सर, ही मला रोज इचारती, पोरगी केवढी झाली. मी हात धरून दाखवितो, एवढी. मंग ध्यानात येतं, हिला माझा हात कुठं दिसून राह्यला." मग म्हणाले, "भिंतीला खिळा ठोकला एकशे आठवर. हिचा हात नेऊन ठिवला तिथं. तर म्हनली, खिळ्याचे काय लाड करू?"

त्यांनी मांडीवरची वही माझ्यापुढे केली.

"म्हनून फोटो. हिनं हात ठिवला तर बराबर पोरीच्या डोक्यावर पडला पाहिजे. वरची मोकळी जागा मी घरी कटरनं कापतो. तुम्ही निस्तं एक करा. तिथंच पट्टीवर पट्टी ठिवा. तीस म्हंजे तीस. जास्त कमी झालं तर ती आपली पोरगी न्हाई राह्यली, दुसऱ्या कोनाची झाली."

त्यांनी मला स्टीलची पट्टी दिली, एक चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठीत काय लिहिलंय ते दोनदा वाचून दाखवलं. रविवारी अजयचा कॉल होता. त्या वेळी वहिनींना मैत्रीला सांगायचं होतं की तू माझ्या कुठपर्यंत लागतेस ते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, साळवे, निर्धास्त राहा, हे माझ्या विषयातलं काम आहे.

शुक्रवारी मी लॅबमध्ये गेलो. काउंटरवर एक नवरानवरी आपले फोटो निवडत बसली होती, नवरीच्या दोन मैत्रिणी होत्या, आणि सगळीकडे थंडगार एसी. ताईंनी फोटो पडद्यावर घेतला. पट्टीवाले काका नाही आले का, असं विचारलं. मी माझी ओळख करून दिली, म्हणजे नाव सांगितलं आणि चित्रकलेचा शिक्षक हे जरा मोठ्याने सांगितलं. नवरीने मान वर करून बघितलं. ताई म्हणाल्या, अरे वा, मग सर तुम्ही कलाकार. इथून पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे.

कागद तीस बाय पंचेचाळीस इंचाचा होता. मैत्री त्यात मधोमध, डोक्यावर थोडी जागा, बुटांखाली थोडी जागा. ताईंनी स्पष्ट विचारलं होतं, काकांचं नेहमीचं ना, जसाच्या तसा? मी दोन पावलं मागे गेलो. एक डोळा बारीक केला. हाताच्या बोटांची चौकट करून त्यातून पडद्याकडे बघितलं. हे सगळं मी नवरीच्या मैत्रिणी बघत असताना केलं. आणि म्हणालो, वरखाली उगीच जागा सुटतेय, आकृती गुदमरते, जरा चौकट भरून द्या. ताई म्हणाल्या, सर, पाकिटावर तर... मी म्हणालो, मी सांगतो ना. त्यांनी माऊस ओढला. मैत्री वाढली, डोक्यापासून बुटापर्यंत कागद भरला, आणि फोटो खरंच इतका सुरेख दिसायला लागला की नवरीसुद्धा किती गोड म्हणाली. मला आठवलं होतं की मोजायचं आहे. पट्टी खिशात होती. पण एवढं सगळं झाल्यावर खिशातून पट्टी काढून पोराटोरांसारखं मोजत बसायची मला लाज वाटली. दोन तास थांबून फोटो बोर्डावर चिकटवून घेतला, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळला आणि बसस्टँडवर आलो.

बसमध्ये मी तो माझ्या शेजारच्या सीटवर उभा ठेवला. वरचा कागद फाटून मैत्रीचे डोळे बाहेर आले होते. कंडक्टर आला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, पाच पूर्ण झाली का? मी बोलून गेलो, मागच्या महिन्यात. मग हाफ लागंल, असं म्हणून त्याने यंत्र पुढे केलं आणि सगळी बस हसली. मीही हसलो. काम फत्ते झाल्याचा आनंद होता. त्याच आनंदात म्हटलं, आता कुणी कलाकार म्हणणारं नाही, मोजून घेऊ. खालचा कागद बाजूला केला आणि फोटोतल्या पट्टीवर पट्टी ठेवली.

साडेएकतीस.

पुन्हा मोजलं, साडेएकतीस. पट्टी उलटी करून मोजलं. उलट्या पट्टीनेही साडेएकतीसच आलं. मग मी अख्खी मैत्री मोजली. एकशे तेरा आणि वर चार मिलीमीटर. म्हणजे माझ्या कलेने पोरगी पाच सेंटीमीटरच्या वर वाढली होती. नागेवाडीला उतरून परत जावं असं वाटलं, पण लॅबमधला तो कागद संपला होता आणि रविवारच्या आत नवा येणार नव्हता, हे ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. माझ्या फोटोसाठी त्यांनी शेवटचा ताव वापरला होता. मी बसल्या जागी बहाणे जुळवायला लागलो. हवेने फोम फुगला म्हणू का? लॅबच्या मशीनवर ढकलू का? खरं सांगतो, ढकलायचं जवळजवळ नक्की केलं होतं. एवढा मी कलाकार.

साळव्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. वहिनी पलंगावर शेंगा फोडत बसल्या होत्या. कागदाचा आवाज ऐकूनच त्या उठल्या. मी बोर्ड भिंतीला टेकवून उभा केला आणि गुंडाळी काढली. साळव्यांनी माझ्यापुढे हात केला, मी पट्टी त्यांच्या हातात दिली. स्टुलावरचा पाय तसाच ठेवून ते खुर्चीतून वाकले आणि फोटोतल्या पट्टीवर पट्टी ठेवली. त्यांचे ओठ आकडा मोजताना हलतात, ते मला दिसत होते. त्यांनी पट्टी उचलली आणि पुन्हा ठेवली. मी फरशीकडे बघायला लागलो.

तेवढ्यात वहिनी भिंतीच्या कडेने चाचपत आल्या होत्या. त्यांचा हात हवेत थोडा फिरला आणि बोर्डाच्या वरच्या कडेवर पडला. तिथेच मैत्रीचं डोकं होतं. हात थांबला. मग त्या कडेवरून हळूहळू इकडून तिकडे गेला, केसांवरून फिरवावा तसा. त्या आणखी जवळ सरकल्या. बोर्डाला स्वतःच्या अंगाशी लावून उभ्या राहिल्या आणि आपली छाती कुठे येते ते दुसऱ्या हाताने बघितलं.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "माझ्या छातीला लागली की ही. रांगत गेल्ती हितून." मग मान साळव्यांच्या बाजूला वळवून विचारलं, "बराबर एवढीच हाय ना? मोजलं ना तुम्ही?"

मी कबुली द्यायला तोंड उघडलं. साळव्यांनी माझ्याकडे न बघता पट्टी खिशात घातली.

"मोजलं," ते म्हणाले. "बराबर हाय. एवढीच हाय."

वहिनी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. तिच्या गालावर हात फिरवत होत्या, गुळगुळीत कागदावर, आणि रेनकोटला बटणं किती आहेत, केस कापले का वाढवले, असं विचारत होत्या. साळवे एकेक सांगत होते. पाच बटणं. केस खांद्यापर्यंत. समोरचा एक दात पडलाय. मी आयुष्यात कधी इतका निकामी होऊन कुणाच्या घरात उभा राहिलो नव्हतो. मग सरांना चहा टाकते, असं म्हणून वहिनी आत गेल्या.

मी साळव्यांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसलो आणि सगळं सांगितलं. नवरीचं, तिच्या मैत्रिणींचं, बोटांच्या चौकटीचं, सगळं. दुसरा कागद आला की लगेच जाऊन नवा करून आणतो, वहिनींना कळणारही नाही, असं म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"राहू द्या, सर. तिचा हात बसला तिथं. आता तो खाली घेऊ का मी?"

मला रडू आलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. साळवे मात्र वही काढून हिशेबाला लागले होते. तुरीच्या वाढीचा हिशेब करायचे तशीच रकाने पाडलेली वही होती.

"या वयाला वर्षाला सहा सेंटीमीटर धरा," ते म्हणाले. "आपलं जास्त झालं साडेपाच. म्हंजे आकरा महिने. अजय पुढल्या दिवाळीला येतो म्हनला." पेन्सिल वहीवर थोडी थांबली. "आले तर तवर बराबर हुईल. न्हाई आले तरी हुईल. फोटो जरा पुढं गेलाय, एवढंच. पोरगी येऊ राह्यली मागून."

त्यांनी वही मिटली. आतून कपांचा आवाज आला. वहिनी ट्रे घेऊन निघाल्या होत्या. रोज त्या दारातून सरळ येतात, पण आज वाटेत भिंतीला टेकलेला बोर्ड होता आणि तो तिथे आहे हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. दोन पावलं अलीकडे त्या थांबल्या.

"सरक बाई जरा," त्या म्हणाल्या. "चहा गरम हाय."

साळव्यांनी प्लास्टरचा पाय स्टुलावरून खाली घेतला, खुर्चीच्या दांड्याला धरून वाकले आणि दोन्ही हातांनी, जपून, तिला चार बोटं बाजूला सरकवलं.